सदाफुली आणि सर्पगंधा

परवा शनिवारी सकाळी उठून बाहेर आलो तर बाबा बाल्कनीत उभे राहून काहीतरी चावत होते. चेहरा असा, की कारल्याचा रस पितायत. विचारलं तर म्हणाले, "सदाफुलीची पानं. चार पानं, अनशापोटी. साखरेवर रामबाण आहे म्हणे."

'म्हणे' म्हणजे कोण म्हणे, हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर एक काका आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक रोगावर एक झाड असतं आणि प्रत्येक झाडाचा एक फॉरवर्ड असतो. बाबांची साखर गेल्या दिवाळीनंतर वाढली, डॉक्टरांनी गोळी दिली, पण गोळीपेक्षा कट्ट्यावर विश्वास जास्त.

आता मी काही बागकाम करणाऱ्यातला नाही. माझा आणि मातीचा संबंध शाळेतल्या गणपतीच्या मूर्तीपर्यंतच. आमच्या बाल्कनीत औषधी म्हणाव्यात अशा दोनच कुंड्या आहेत. एक ही सदाफुली, जी कुणी लावलीच नाही. वॉशिंग मशीनच्या पाण्याचा पाइप भिंतीतून जिथं बाहेर येतो तिथल्या फटीत ती आपली आपण उगवली, आईनं उपटून कुंडीत खोचली, आणि तेव्हापासून ती थांबायचं नावच घेत नाही. दुसरी सर्पगंधा. ती मी एका रोपवाटिकेतून पैसे मोजून आणली, आणि वर्ष झालं तरी ती "जगू की नको" याच विचारात आहे. ती का आणली ते पुढे सांगतो, त्याला एक कारण आहे.

तर मंडळी, बाबांना थांबवायचं तर पुरावा हवा. इंजिनिअर माणूस काय करणार, वाचत बसला. सगळा विकांत त्यात गेला, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या दोन कुंड्या एकाच घराण्यातल्या आहेत. दोघींचं कूळ एकच, कण्हेरीचं. आणि दोघींची गोष्ट १९५२ या एकाच वर्षात येऊन मिळते.

आधी सदाफुली, कारण बाबांच्या तोंडात तीच होती.

हे झाड मूळचं मादागास्करचं. अठराव्या शतकात तिथून बी पॅरिसच्या बागेत गेलं, तिथून लंडनच्या चेल्सी औषधी बागेत फिलिप मिलरकडे. लिनिअसनं १७५९ साली तिला व्हिंका रोझिया असं नाव दिलं. पुढे १८३७ मध्ये जॉर्ज डॉननं ती खरी व्हिंका नाही हे ओळखून कॅथॅरँथस नावाच्या वेगळ्या खणात टाकलं. पण बाईंना नावाचं काय? जहाजांबरोबर, वसाहतींबरोबर ती उष्ण कटिबंधात जिथं जिथं पोचली तिथली होऊन गेली. आपल्याकडे तर ती इतकी रुळली की ती परकी आहे हे सांगितल्यावर आई म्हणाली, "काहीतरीच काय! आमच्या माहेरी परसात होती." (असणारच. माझ्या मते मिरचीबद्दलही आईचं हेच म्हणणं असेल.)

जमैकात लोक तिच्या पानांचा चहा करून मधुमेहावर प्यायचे. म्हणजे आमच्या कट्ट्यावरच्या काकांचं घराणं बरंच जुनं आहे. १९५२ साली तिथल्या एका रुग्णानं कॅनडात डॉक्टर क्लार्क नोबल यांना एका पाकिटातून पंचवीस पानं पाठवली, बघा यात काही आहे का म्हणून. हे क्लार्क नोबल म्हणजे तेच, जे १९२१ मध्ये इन्शुलिनच्या शोधाच्या वेळी बँटिंगचा मदतनीस आधी कोण होणार यासाठी उडवलेला नाणेफेकीचा डाव हरले अशी गोष्ट सांगतात. जिंकला तो चार्ल्स बेस्ट, आणि नाव झालं बँटिंग-बेस्ट असं. एकदा मधुमेह हातून निसटलेल्या माणसाकडे पुन्हा मधुमेहाचंच पाकीट यावं! त्यांनी ते आपला भाऊ रॉबर्ट नोबल याच्याकडे दिलं. तो वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करत होता.

रॉबर्टनं पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखरेवर काही परिणाम नाही. मग अर्क टोचून बघितला. तरी साखर जिथल्या तिथं, पण उंदीर पटापट मरायला लागले. अंगात जंतुसंसर्ग माजला होता. आपल्यासारखा कुणी असता तर "टेस्ट फेल" असं लिहून मोकळा झाला असता. नोबलनं मात्र विचारलं, की संसर्ग का झाला? रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. अस्थिमज्जाच दबली होती. म्हणजे या पानांत असं काहीतरी आहे जे पांढऱ्या पेशी बनूच देत नाही. आणि ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्याला आपण रक्ताचा कॅन्सर म्हणतो.

तिथून पुढे दोन वर्षांनी चार्ल्स बीअर नावाचा रसायनशास्त्रज्ञ येऊन मिळाला आणि १९५८ मध्ये त्यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा याच झाडावर, त्याच मधुमेहाच्या ख्यातीमुळे, काम करत होता. तिथून व्हिन्क्रिस्टिन आलं, १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे रेणू पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिका जुळूच देत नाहीत, त्यामुळे दोन भागांत वाटणी व्हायच्या वेळी पेशी अडकून मरते. लहान मुलांच्या ल्युकेमियात साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाचणारं मूल म्हणजे अपवाद होता. आज चांगले उपचार मिळतात तिथं दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात. अर्थात ते अनेक औषधांच्या मिळून केलेल्या उपचारांचं यश आहे, पण त्या यादीत व्हिन्क्रिस्टिन अजूनही असतं.

हे माझ्यासाठी नुसतं वाचन नव्हतं. आमच्या टीममधल्या एकाच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी हेच इंजेक्शन चालू होतं. आम्ही तिच्यासाठी रक्त द्यायला गेलो तेव्हा तो सांगत होता, की केस गेले त्याचं तिला फार वाटलं नाही, पण पायातली ताकद गेल्यासारखं होतं आणि चालताना पाऊल फरफटतं, त्याचं तिला रडू येतं. हाही याच औषधाचा गुण, ते नसांनाही सोडत नाही. आता ती तिसरीत जाते. तेव्हा मला माहीतच नव्हतं की त्या बाटलीतलं औषध आमच्या वॉशिंग मशीनच्या पाइपापाशी उगवतं.

हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा मुरलेले. म्हणाले, "पण टोचल्यावर मेले ना उंदीर? मी तर खातोय." मुद्दा बरोबर होता. ही द्रव्यं पोटातून नीट शोषली जात नाहीत, म्हणूनच औषध शिरेतून देतात. मी म्हटलं, "बाबा, पण पाजल्यावर साखरही उतरली नव्हती." नंतरच्या काही प्रयोगांत प्राण्यांची साखर थोडी उतरल्याचं दिसलंय हेही सांगितलं, उगाच खोटं का बोला. पण एका पानात शंभराहून जास्त अल्कलॉइडं, कुठलं किती ते ऊन-पाणी-वयावर अवलंबून, आणि वरून डॉक्टरांची गोळी चालू. असा कोड मी प्रॉडक्शनवर टाकणार नाही. शेळीसुद्धा या झाडाला तोंड लावत नाही, हे वाक्य मात्र त्यांना लागलं असावं.

आता सर्पगंधा.

वर्षापूर्वी जुनं घर रिकामं करताना ट्रंकेत आजोबांची औषधांची फाइल सापडली. सत्तरच्या दशकातल्या चिठ्ठ्या. रक्तदाबासाठी लिहून दिलेल्या गोळीत रेसर्पिन होतं. नाव ओळखीचं वाटेना म्हणून शोधलं, तर ते निघालं सर्पगंधेच्या मुळातलं. त्या भरात जाऊन रोप घेऊन आलो.

या झाडाचा कागदोपत्री माग थेट आपल्या बाजूला येतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. त्याचं भारतीय औषधींवरचं पुस्तक गोव्यातच १५६३ साली छापलं गेलं. (याच गृहस्थाकडे मुंबईचं बेट भाडेपट्ट्यानं होतं आणि तिथं त्याची बाग होती. आजच्या भावानं विचार करा!) त्यात सर्पदंशावरच्या 'नागाच्या लाकडा'बद्दल लिहिलंय, आणि मुंगूस नागाशी झुंजण्याआधी ही वनस्पती चघळतं ही कथाही आहे. त्यानं वर्णन केलेल्यांपैकी एक म्हणजे सर्पगंधा, असं अभ्यासक मानतात. शास्त्रीय नावात मात्र लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याचं नाव चिकटलं. हा माणूस १५७३ मध्ये निघून पश्चिम आशियात फिरला, कॉफीचं वर्णन छापणारा पहिला युरोपीय म्हणून ओळखला जातो, पण भारतात कधी आलाच नाही. सुमारे एकशेतीस वर्षांनी प्लुमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याच्या सन्मानार्थ नाव ठेवलं, बस्स.

बिहारमध्ये हे मूळ 'पागल की दवा' म्हणून विकलं जायचं. १९३१ हे त्याचं पहिलं मोठं वर्ष. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी रफत हुसेन सिद्दिकींबरोबर त्यातून अल्कलॉइडं वेगळी काढली, आणि एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून 'अजमलीन' नाव दिलं. हृदयाच्या एका आनुवंशिक दोषाच्या तपासणीत ते आजही वापरतात. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की हे मूळ वेडावर चालतं आणि रक्तदाबही उतरवतं. पण भारतीय नियतकालिकात छापलेलं भारतीयांनीच वाचलं. जगाच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

ते घडलं परळमुळे. केईएम हॉस्पिटलमधले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर मुळापासून केलेल्या गोळ्या वापरल्या आणि १९४९ साली निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धडसं औषधच नव्हतं. मीठ बंद करा, विश्रांती घ्या, फारच झालं तर मज्जातंतू कापायची शस्त्रक्रिया. अशात एक झाड रक्तदाब उतरवतं हे आकड्यांत मांडलेलं पाहून बॉस्टनपासून बाझलपर्यंत लोक कामाला लागले. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत श्लिटलर आणि म्युलर यांनी मुळातलं खरं औषध शुद्ध रूपात काढलं, तेच रेसर्पिन. वर्ष १९५२. जमैकाहून पाकीट निघालं तेच. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लॅस्कर पुरस्कार मिळाला. एवढं असून मुंबईत वाढलेल्या माझ्या मित्रांपैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं म्हणा.

पुढचा भाग मला अस्वस्थ करतो. रेसर्पिन मेंदूतली सेरोटोनिन, डोपामिन यांची साठवण रिकामी करतं, हे १९५५ नंतर कळत गेलं. रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडायचे. अर्विद कार्लसननं १९५७ मध्ये त्यांना एल-डोपा दिलं आणि ते उठून हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या उपचाराची वाट तिथून निघाली आणि २००० साली त्याला नोबेल मिळालं. दुसरीकडे, ही गोळी घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी डॉक्टर करू लागले होते, आणि नैराश्य म्हणजे मेंदूतल्या या रसायनांची कमतरता ही कल्पना बरीचशी त्यावरूनच उभी राहिली. आता अभ्यासक म्हणतात, तो संबंध वाटला तितका सरळ नाही.

बाबा तेव्हा शाळेत होते. आजोबा त्या दोनतीन वर्षांत खिडकीशी बसून असायचे, पेटी वाजवायची सोडली, कुणाशी बोलायचे नाहीत, एवढंच त्यांना आठवतं. घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की बढती हुकली म्हणून. कदाचित तेच असेल. फाइलमध्ये तारखा आहेत, गोळी बदलल्याची चिठ्ठीही आहे, पण पेटी पुन्हा कधी सुरू झाली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या गोळीनं त्यांना पक्षाघात होऊ दिला नाही हेही तितकंच शक्य आहे. बाबा फाइल बघून नुसते "हं" म्हणाले.

असो. कुंड्यांकडे येतो, कारण इतिहासातला खरा फरक तिथं आहे.

सदाफुलीला लागतं काय, तर ऊन. बस. बी बारीक, काळं, मातीखाली अंधारात टाकलं की आठदहा दिवसांत उगवतं. माती भिकार चालते, पाणी विसरलात तरी चालतं, उलट जास्त घातलंत तर मूळ कुजून मरते. स्वतःचं परागीकरण स्वतः उरकते, शेंग तडकते, शेजारच्या कुंडीत पोरं. आणि औषध पानात! पानं तोडा, ती पुन्हा फुटते.

सर्पगंधा सगळ्यात उलट. ती दमट पानगळीच्या जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारी, सह्याद्रीतही सापडणारी. तिला अर्धी सावली, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती, ओल हवी पण साचलेलं पाणी नको. पांढरी फुलं, लाल देठ, जांभळी-काळी फळं, दिसायला देखणी. पण बी ताजंच लागतं, गर धुऊन, पाण्यात भिजवून, तरंगणारं टाकून द्यायचं, आणि एवढं करून निम्म्याहून कमी उगवतं, तेही महिनाभर वाट बघायला लावून. औषध मुळात, त्यातही बरंचसं मुळाच्या सालीत. म्हणजे किमान दीड वर्ष जोपासायचं आणि मग झाड मुळासकट उपटायचं. पान तोडणं म्हणजे डेटा वाचणं, मूळ काढणं म्हणजे डिस्कच काढून नेणं.

आता पन्नासचं दशक डोळ्यांपुढे आणा. जगभरातून मुळांना मागणी, आणि पुरवठा कुठून तर जंगलातून, कुदळीनं. लावून वाढवायला दीड-दोन वर्षं कोण थांबणार? रानंच्या रानं खणली गेली. सरकारनं कच्च्या मुळांच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा कंपन्या आफ्रिकेतल्या तिच्या मोठ्या बहिणीकडे, राउवोल्फिया व्हॉमिटोरियाकडे वळल्या. हार्वर्डच्या वुडवर्डनं १९५६ मध्ये रेसर्पिन प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, रसायनशास्त्रातला तो विक्रम होता, पण मुळापासून काढणं तरीही स्वस्त पडायचं. पुढे चांगल्या गोळ्या आल्या, रेसर्पिन मागे पडलं, तरी मूळ खणणं पूर्ण थांबलं नाही. १९९० पासून सर्पगंधा साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात.

सदाफुलीतही औषध काही ढीगभर नसतं. एक ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. सर्पगंधेची ही मात्रा असती तर केव्हाच संपली असती. पण सदाफुली तामिळनाडूत शेतात, कोरडवाहू जमिनीत लावतात, पाला तोडतात, शेवटी मुळंही विकतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरतात. जगातल्या कॅन्सरच्या औषधाला कच्चा माल मिळाला आणि झाडाचं काही बिघडलं नाही.

मजा म्हणजे, दोघींच्या आत कारखाना एकच. ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन जोडून आधी स्ट्रिक्टोसिडिन नावाचा रेणू तयार होतो, आणि तिथून फोर्क. एक शाखा व्हिन्क्रिस्टिनकडे, दुसरी रेसर्पिनकडे. ही जोडणी करणाऱ्या विकराचं जनुक १९८८ मध्ये पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते सर्पगंधेतूनच. आणि २०२२ साली डेन्मार्क-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशी जनुकं यीस्टमध्ये घालून व्हिन्ब्लास्टिनचे दोन्ही अर्धे भाग त्याच्याकडून बनवून घेतले. पाव फुगवणारं तेच यीस्ट.

रविवारी संध्याकाळी बाबांनी सर्पगंधेची कुंडी उचलून आतल्या बाजूला, मोठ्या मनीप्लँटच्या मागे ठेवली. म्हणाले, "एवढं वाचलंस, आणि दुपारच्या उन्हात ठेवलीस?" खरंच की. वर्षभर चूक तीच होती.

पानं खाणं बंद केलंय असं ते म्हणतात. पुढच्या गुरुवारी साखर तपासायची आहे. तोवर सदाफुलीच्या खालच्या फांदीवरची पानं मी मोजून ठेवलीत. एकतीस आहेत.